येथे विनाकारण बसू नये

फोनवर "काय करताय?" असं विचारलं की पूर्वी मराठी माणसाकडून हमखास उत्तर यायचं, "काही नाही, बसलोय." त्यात लाज नसायची आणि मिजासही नसायची. माणूस कधी चालत असतो, कधी उभा असतो, तसा कधी बसलेलाही असतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे? आता हे उत्तर द्यायची छाती होत नाही. पलीकडचा लगेच आवाज खाली आणून "बरं आहे ना सगळं?" असं विचारतो. नोकरी गेली असेल, डॉक्टरांनी काही सांगितलं असेल, सूनबाईंशी वाजलं असेल, अशा शंका त्याला येऊ लागतात. त्यापेक्षा "जरा गडबडीत आहे" म्हणून मोकळं व्हावं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ पहिल्या रिंगला फोन कधीच उचलत नाहीत. हातात असला तरी दोन-तीन वेळा वाजू देतात. लगेच उचलला तर लोकांना वाटेल, यांना दुसरं काही काम नाही. काम नाहीच, पण ते बाहेर कळता कामा नये.

नुसतं बसणाऱ्याबद्दल आपलं मत पहिल्यापासूनच बरं नाही. समर्थांनी दासबोधात आळशांची अशी खरडपट्टी काढलीय की तो ग्रंथ आडवं पडून वाचायला धीर होत नाही. पुढे पंडित नेहरूंनी 'आराम हराम है' अशी घोषणा दिली. ती कचेऱ्यांच्या भिंतींवर रंगवली गेली, आणि दुपारी त्याच भिंतींना पाठ टेकून शिपायांनी डुलक्या काढल्या. म्हणीतला रिकामा न्हावी तर पिढ्यान्‌पिढ्या बदनाम झाला. त्याच्या बाजूनं आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. गिऱ्हाईक नव्हतं, तुंबड्या होत्या, भिंत समोर होती. बिचाऱ्यानं हात चालू ठेवला. भिंतीची काही तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्याचं सार गावोगावच्या दुकानांबाहेर, बँकांच्या पायऱ्यांवर आणि जिन्यांखाली तेलरंगात लिहिलेलं सापडतं: 'येथे विनाकारण बसू नये.' ही पाटी कठोर आहे असं लोकांना वाटतं, मला ती बरीच सवलतीची वाटते. बसू नका असं ती म्हणत नाही. कारण घेऊन या आणि खुशाल बसा, एवढंच म्हणते. आपल्याकडे विश्रांतीचा सगळा कारभार असाच चालत आलाय.

कारणांची सगळ्यांत उदार यादी आयुर्वेदात सापडते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आधी बजावलंय की दिवसा झोपणं फक्त उन्हाळ्यात हितावह. एरवी त्यानं कफ आणि पित्त वाढतं. पथ्य पाळणारा माणूस इथवर वाचून उठून बसतो. पण वाग्भट वैद्य होता, त्याला रोगी ठाऊक होते. त्यामुळे पुढे लगेच अपवाद सुरू होतात. बोलून बोलून थकलेला, वाहनात बसून आलेला, चालून आलेला, मद्य प्यालेला, ओझं वाहिलेला. रागानं, शोकानं किंवा भीतीनं गळून गेलेला. दम्याचा, उचकीचा, जुलाबाचा रोगी. म्हातारा, मूल, अशक्त. मार लागलेला, अजीर्ण झालेला, वेड लागलेला. या सगळ्यांनी दिवसा झोपायला हरकत नाही. आणि यादीच्या अगदी शेवटी, ज्याला दिवसा झोपायची सवयच आहे, तोही! चरकानं याच कामी गाण्यानं आणि अध्ययनानं थकलेल्यांचीही सोय करून ठेवलीय. एवढ्या अपवादांमधून ज्याला स्वतःसाठी एकही सापडत नाही, त्यानं खुशाल जागं राहावं.

पुण्यातल्या दुकानांच्या १ ते ४ या वेळेवर ज्यांनी आयुष्यभर विनोद केले त्यांनी वाग्भट उघडून पाहिला नसावा. सकाळभर गिऱ्हाइकांशी बोलून, किंवा न बोलण्याचे श्रम घेऊन, तो दुकानदार थकलेला असायचा. रागाची बाजू पुरेशी भक्कम होती. आणि सवय तर होतीच. शास्त्राप्रमाणे तीन स्वतंत्र कारणं ज्याच्यापाशी आहेत त्याला नावं ठेवणारे आपण कोण? आता त्यांतली बरीच दुकानं दुपारी उघडी असतात. लोक त्याला सुधारणा म्हणतात. मला त्या उघड्या दुकानात दुपारी अडीच वाजता शिरायला संकोच वाटतो. गल्ल्यावरचा माणूस मान वर करून बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत तीन पिढ्यांची मोडलेली झोप दिसते. गोव्यात मात्र अजून धीर सुटलेला नाही. म्हापशात किंवा मडगावात भर दुपारी काही घ्यायला निघालं की बंद फळ्या आणि सावलीतली कुत्री एवढंच भेटतं. शीतकडी जेवून गाव आडवा झालेला असतो. निकड आपली असते, त्यांची नसते, हे चार वाजेपर्यंत रस्त्यात उभं राहिलं की नीट समजतं.

माणसाचं राहू द्या, बैलालासुद्धा आपण विनाकारण बसू दिलं नाही. त्याची सुट्टी पोळ्याला, दक्षिणेकडे बेंदराला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची, तूप-हळद लावून मानेचा घट्टा चोळायचा. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळी खाऊन त्यानं मिरवायचं, आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. वर्षात तो एक दिवस त्याच्या हक्काचा. तोही सणाच्या नावावर नोंदवलेला. नुसतं "थकलाय, बसू दे" म्हणून वर्षातला एखादा दिवस त्याच्या नावे काढून ठेवणं आपल्याला कधी सुचलं नसतं. बैलाचं एक मात्र बरं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात कुणी त्याला "मग, काय काय केलंस सुट्टीत?" असं विचारत नाही.

बैलाच्या मालकाची फुरसत ऋतूंवर बेतलेली होती. पेरणी उरकली की पंढरीची वाट धरायची, सुगी झाली की चैत्र-वैशाखात जत्रा, कुस्त्यांचा फड, तमाशा. कामाच्या दिवसांत हाडं मोडायची आणि नंतर काही दिवस पारावर बसून मोडलेली हाडं मोजायची. पाऊस आला नाही तर फुरसत फार व्हायची आणि ती कुणाला नको असायची. या सगळ्यात घड्याळ कुठे नव्हतं. ते आलं मुंबईतल्या गिरण्यांबरोबर, भोंग्याच्या आवाजात. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस भोंगा ऐकून उठायला शिकला, आणि त्याला कळलं की वेळ नावाची वस्तू आपल्याकडे होती आणि ती आता दुसऱ्याची झाली.

सुरुवातीला गिरणीत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की साचे सुरू, मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. ज्या दिवसांत वाग्भटानं दुपारी झोपायला सांगितलंय नेमक्या त्याच दिवसांत गिरणी माणसाला तेरा-चौदा तास उभं करायची. १८८१ साली सरकारनं कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्यात मुलांचे तास ठरवले. मोठ्या माणसांनी किती तास राबायचं याबद्दल कायद्यानं तोंडातून शब्द काढला नाही. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. एखाद्या रविवारी साचे थांबले तरी यंत्रं पुसायला यावंच लागायचं. यंत्राला विश्रांती मिळाली की माणूस त्याच्या सेवेला हजर.

हे बदलायचं मनावर घेतलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जन्म १८४८चा. रेल्वेत आणि पोस्टात काम केलेला, मग मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर नेमलेला, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा गृहस्थ. 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी मुंबईहून चालवलं. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या नावानं अर्ज केला. मागण्या वाचल्या की पोटात कालवतं, इतक्या त्या साध्या आहेत: दर रविवारी पुरी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि मागच्या महिन्याचा पगार चालू महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. सूर्यास्तापर्यंत'च' म्हणणाऱ्या माणसांनी तो अर्धा तास किती जपून मागितला असेल, ते बघा. जास्त मागितलं असतं तर मालकांना ऐषाराम वाटला असता.

रविवारच का, यालाही कारण हवं होतं. साहेबाकडे ते तयार होतं. रविवारी तो चर्चमध्ये जायचा. कामगार काय सांगणार? रविवार हा खंडोबाचा वार, हे कारण लोखंड्यांनी पुढे केलं असं आवर्जून सांगितलं जातं. मला ही युक्ती फार आवडते. थकवा हे कारण कुणी ऐकून घेतलं नसतं. थकायलाच तर पगार मिळत होता. जेजुरीच्या देवाला मात्र नाही म्हणणं जड. सहा वर्षं अर्ज, सभा, पुन्हा अर्ज असं चाललं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. त्या काळी दहा हजार पुरुषांसमोर उभं राहून "आम्हाला एक दिवस हवा" म्हणणाऱ्या त्या बायांना कुठून बळ आलं असेल? १० जून १८९० रोजी मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले. २००५ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. रविवारी सकाळी दहापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या घरांपैकी किती घरांत त्यांचं नाव ठाऊक असेल, हा प्रश्न मी विचारणार नाही. लोळणाऱ्याला प्रश्न विचारले की त्या सुट्टीचा हेतूच बारगळतो.

मिळालेल्या रविवाराचं गिरणगावानं केलं काय, हे बघण्यासारखं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वीसवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, खानावळीत जेवायची. तिथे 'निवांत' म्हणून बसायला कोपरा नव्हता. म्हणून ते बाहेर आले, आणि गॅलरीत, चौकात, मैदानात भजनी मंडळं उभी राहिली. लेझीम, कबड्डी, कोकणातून आलेली दशावतारी, घाटावरून आलेली शाहिरी. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं रंगली. पाळी संपवून आलेला माणूस तोंडाला रंग फासून रात्रभर राजा व्हायचा आणि सकाळच्या भोंग्याला पुन्हा खात्यात उभा राहायचा. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले, नारायण सुर्वेही. संस्कृती फुरसतीतून जन्मते असं ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी सांगून ठेवलंय, पण त्यांची फुरसत गुलामांच्या खांद्यावर उभी होती. इथे राबणारा आणि नाटक करणारा माणूस एकच होता, एवढी दुरुस्ती गिरणगावानं न बोलता करून ठेवली.

पुढे १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली. आता बसायला वेळच वेळ होता. तेच कट्टे, तेच चौक, तीच माणसं. पण भजनाला पेटी निघेना. ज्याला सोमवार नाही त्याचा रविवार राहत नाही, हे त्या चाळींनी पाहिलं. रिकामपणाची थोरवी गाणाऱ्यांनी त्या दिवसांत लालबाग-परळमध्ये एक संध्याकाळ काढायला हवी होती. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आता मॉल आहे, आणि रविवारी तिथे मोटार लावायला जागा मिळत नाही. ज्या सुट्टीसाठी कामगारांनी अर्ज केले ती घालवायला लोक त्याच आवारात पैसे मोजून येतात, आणि संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असताना "मस्त आराम झाला" म्हणत परत जातात.

लोखंड्यांच्या त्या रविवारात एक मोठी मेख राहून गेली. ती सुट्टी चुलीपर्यंत पोहोचली नाही. उलट रविवारी माणसं घरी, म्हणजे जेवणाला चार पदार्थ जास्त. माझी आई दुपारी दोन ते चार "जरा पडते" म्हणायची. पडलेली मी तिला क्वचितच पाहिली. ती बसलेली असायची, आणि समोर सुपात तांदूळ किंवा मांडीवर लसणाची पाकळी-पाकळी. हात रिकामे ठेवून बसणं तिला शिकवलेलंच नव्हतं. शेजारच्या काकू गप्पा मारायला यायच्या त्या हातात विणकाम घेऊन. म्हणजे कुणी विचारलं तर लोकरीकडे बोट दाखवता यावं. २०१९ साली सरकारनं देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. त्यात बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि त्या कामात हात घालणाऱ्या पुरुषांचे ९७, असं निघालं. ९७ हा आकडा वाचून आमच्या घरात काही काळ शांतता पसरली होती. तो कुठल्या घरांतून गोळा केला असावा, यावर चर्चा झाली.

बायकांना बसायचं असेल तर कारण देवाकडून आणावं लागे. श्रावणात मंगळागौर: रात्रभर फुगड्या, झिम्मा, उखाणे. आश्विनात भोंडला. चैत्रात हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हं. हरितालिकेला जागरण. ही व्रतं पुण्यासाठी होती हे मान्यच. पण सासूच्या डोळ्यांदेखत रात्रभर हसायची परवानगी दुसऱ्या कुठल्या अर्जावर मिळाली असती? खंडोबानं गिरणीवाल्यांना जे दिलं ते मंगळागौरीनं लेकी-सुनांना आधीच देऊन ठेवलं होतं. फक्त आठवड्याला नव्हे, सणासुदीला.

आणि तेवढीही जिला मिळाली नाही ती पहाटे जात्यावर बसली. हात खुंट्याला, मन मोकळं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगाव हिंडून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या भरल्या एक लाखाहून जास्त. आपल्याकडच्या ज्या लोकांना सगळ्यांत कमी फुरसत होती त्यांनी सगळ्यांत जास्त रचना केल्या, आणि त्याही दळता दळता. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात राबतानाच त्यांची कविता झाली. हे आठवलं की निवांत वेळ मिळाला तर मीही काहीतरी लिहीन म्हणणाऱ्यांची, म्हणजे आम्हा बहुतेकांची, थोडी पंचाईत होते. मग गावात पिठाची गिरणी आली. पहाटेचे ते तास सुटले. मानेला, दंडाला सुख झालं, याबद्दल दुमत नाही. पण सुटलेले तास बाईच्या हातात पडले का? ते पाण्याच्या रांगेत गेले, पोरांच्या शाळेच्या डब्यात गेले, आणि त्या तासांबरोबर ओवीही गेली. मिक्सर आला, कुकर आला, धुण्याचं यंत्र आलं. दर वेळी घरातली बाई तेवढीच दमलेली राहिली. वाचलेला वेळ घरात कुठे सांडतो, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा.

वेळ वाचणार, ही आशा मोठमोठ्या माणसांनीही बाळगली होती. मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग यानं १८८० साली आळसाच्या हक्काचा जाहीरनामाच लिहिला आणि दिवसाला तीन तास काम पुरे म्हटलं. सासऱ्यानं आयुष्य कामगारांसाठी वाहिलं आणि जावयानं काम कमी करा म्हणून लिहिलं, यात आपल्याकडच्या कुठल्याही सासऱ्याला नवल वाटणार नाही. बर्ट्रांड रसेलनं १९३२ साली चार तास सांगितले. त्याच्या दोन वर्षं आधी केन्स या अर्थशास्त्रज्ञानं हिशेब मांडला होता की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, आणि मग माणसापुढे खरा पेच उभा राहील तो मोकळ्या वेळाचं काय करायचं याचा. त्याच लेखात त्यानं घरोघर झाडलोट करणाऱ्या एका म्हातारीचा उल्लेख केलाय. तिनं आपल्या थडग्यावर लिहून ठेवलं होतं म्हणे की मैत्रिणींनो, रडू नका, मी आता कायमची काहीच न करायला चालले आहे. ही बाई इंग्रज. पण आमच्या सगळ्या आत्या-मावश्यांना ती चुलतबहीण वाटेल. केन्सची शंभर वर्षं २०३०ला भरतात. वेळ थोडा उरलाय.

इकडे कायद्यानंही मंडईत भाव करावा तसे तास उतरवत आणले होते. १९२२ला आठवड्याचे साठ, १९३४ला चोपन्न, १९४८ला अठ्ठेचाळीस. त्यानंतर घासाघीस उलटी फिरली. एका नामांकित उद्योगपतींनी तरुणांनी सत्तर तास काम करावं असं सुचवलं. २०२५च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या प्रमुखांचं म्हणणं पुढे आलं की नव्वद तास करावं, रविवारीही यावं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार? यावर देशभर गदारोळ झाला. मला त्यात खंत एवढीच वाटली की बायकांना कुणी विचारलं नाही. नवरा रविवारी दिवसभर घरात बसून आपल्याकडे टक लावून बघतोय, या कल्पनेनं किती जणींनी त्या प्रमुखांना मनोमन दुवा दिला असेल! आणि ज्यानं खरोखर कधी बायकोकडे निवांत बघितलंय त्याला ठाऊक आहे की ते दोन मिनिटांच्या वर जमत नाही. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणते, "काय बघताय? उठा, वरचा डबा काढून द्या."

आजकाल फुरसत मिळत नाही असं नाही. मिळते, पण कामाचे कपडे घालून येते. शनिवार-रविवारी कृषी पर्यटन केंद्रात पैसे भरून ओट्यावर बसायला मिळतं. सकाळी आठला बैलगाडी, नऊला झाडावरचे पेरू, अकराला विहीर, अशी वेळापत्रकाची छापील प्रत हातात ठेवतात. 'निवांतपणा' दुपारी दीड ते तीन. मनगटावरचं घड्याळ अधूनमधून थरथरतं आणि उठा, चाला असं सांगतं. नेहरूंनी सुद्धा इतक्या जवळून कधी सांगितलं नव्हतं. कुणी घरात बसून हौसेनं रुखवताचं विणकाम केलं की भाची म्हणते, "मावशी, चॅनल काढ ना यूट्यूबवर." हौसेला गिऱ्हाईक शोधून दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

मुलांची मे महिन्याची सुट्टी हा तर आता पूर्ण वेळाचा उद्योग आहे. आमच्या लहानपणी ती सुट्टी इतकी लांब होती की तिच्या मधोमध शाळेचं नावसुद्धा आठवायचं नाही. आंब्याच्या आढीपाशी लोळायचं, पत्त्यांत पाच-तीन-दोन खेळायचं, भांडायचं, आणि "काय करू?" असं आईला विचारून तिच्याकडून "माझं डोकं खा" हे उत्तर घ्यायचं. त्या कंटाळ्यातून कुठले कुठले खेळ निघायचे. आता शिबिर असतं. एका शिबिराचं पत्रक मी पाहिलंय. पोहणं, अबॅकस, संस्कृत संभाषण, माती काम. आणि संध्याकाळी चार ते पाच 'मुक्त खेळ', प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली. मुक्त खेळाला वेळेवर न येणाऱ्या मुलांच्या पालकांना संदेश पाठवला जाईल, असंही खाली लिहिलं होतं.

आमच्या सोसायटीतही हा प्रश्न येऊन ठेपला. फाटकाजवळ बदामाच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर सकाळ-संध्याकाळ काही म्हातारे बसतात. बोलतात असंही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतात, दूधवाल्याला वेळ विचारतात, घड्याळ स्वतःच्याच हातात असतं. नव्या कमिटीच्या सचिवांना हे दृश्य खुपलं. त्यांनी बाकासमोर पाटी लावली: 'येथे विनाकारण बसू नये. आदेशावरून.' म्हातारे पाटी वाचायचे, आणि बसून वाचायचे, कारण उभ्यानं वाचायला गुडघे साथ देत नव्हते. प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेत आलं. कारण म्हणजे नेमकं काय, यावर पाऊण तास गेला. दम लागणं हे कारण धरायचं का? धरायचं, पण पहिल्या मजल्यावरच्यांना नाही. नातवाची शाळेची बस येईपर्यंत? चालेल. बस येऊन गेल्यावर? इथे मतभेद झाले. रखवालदाराकडे नोंदवही ठेवावी, नाव, फ्लॅट क्रमांक, बसण्याची वेळ आणि कारण लिहावं, अशी एका तरुण सभासदानं सूचना केली. त्यावर नाना उठले. नाना एरवी सभेत बोलत नाहीत. ते म्हणाले, "वही ठेवा. पण ती भरायला बसायचं कुठे, ते सांगा."

चहा येईपर्यंत तोडगा निघाला. खर्च झालाच आहे तर पाटी काढू नये, मात्र ती बाकासमोरून हलवून बाकाच्या मागे लावावी, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. म्हातारे आता तिला पाठ टेकून बसतात. पत्रा उन्हात तापतो, पण सकाळच्या वेळी कंबरेला बरं वाटतं म्हणतात.